बंदी व्हेपची, राज्य खर्ऱ्याचे

अकोल्यातील कार्यकर्त्यांच्या एका बैठकीत अलीकडे कार्यक्रमपत्रिकेवर नसलेला एक प्रश्न निघाला. रोज पाकीटभर सिगारेटी ओढणाऱ्या प्रौढ माणसाने त्याऐवजी पुन्हा भरता येणारे व्हेप-यंत्र वापरावे काय, आणि ह्या यंत्रावर देशात जी बंदी आहे तिच्याविषयी आपली भूमिका काय, असे एका तरुण साथीने विचारले. काहींना हसू आले. कापसाचा भाव, कर्जमाफी आणि बंद पडणाऱ्या शाळा समोर असताना श्रीमंतांच्या पोरांच्या ह्या चैनीवर वेळ कशाला घालवायचा, अशी सूचना येऊन विषय बाजूस पडला. मला मात्र तो प्रश्न बाजूस सारण्याजोगा वाटत नाही. एखाद्या वस्तूचा बरेवाईटपणा कोण ठरवितो, कोणत्या पुराव्यावर ठरवितो आणि त्या निर्णयाचा लाभ कोणाच्या पदरात पडतो, ह्याची चौकशी करणे हे समाजवाद्यांचे नित्यकर्म आहे. व्हेपच्या बाबतीत ती चौकशी आपण अद्याप केलेली नाही.

प्रथम यंत्र काय आहे ते पाहू. त्यात लिथियमची एक लहान बॅटरी असते. तिच्या तोंडाशी 'पॉड' नावाची प्लास्टिकची कुपी बसते. कुपीत तारेचे बारीक वेटोळे, म्हणजे कॉइल, आणि त्याला लागून द्रव शोषणारी वात असते. ही वात बहुधा कापसाची असते. वऱ्हाडच्या वाचकांस ह्याची गंमत वाटेल. जगातले सर्वांत नवे व्यसन-यंत्रही शेवटी आपल्याच पिकावर चालते. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, वनस्पतिजन्य ग्लिसरीन, सुवासिक द्रव्ये आणि निकोटिन असते. ओढताच वेटोळे तापते, द्रवाची वाफ होते, आणि ती ओढणाऱ्याच्या फुप्फुसात जाते. एकदा वापरून फेकण्याच्या यंत्रापेक्षा पुन्हा भरता येणारे यंत्र दीर्घकाळ स्वस्त पडते. बॅटरी शेकडो वेळा भरता येते, कॉइल आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलावी लागते, आणि द्रव बाटलीतून घालता येतो. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे कुपी २ मिलिलिटरहून मोठी नसावी आणि द्रवात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक निकोटिन नसावे. म्हणजे भरलेल्या कुपीत फार तर ४० मिलिग्रॅम. ब्रिटनने १ जून २०२५ पासून फेकून देण्याच्या यंत्रांच्या विक्रीस बंदी घातल्यावर तेथे प्रौढांच्या रोजच्या वापरासाठी हेच पुनर्भरणाचे यंत्र उरले.

आता गुणदोष. ह्या यंत्रात काही जळत नाही, ही त्याच्या बाजूची सर्वांत भक्कम गोष्ट होय. सिगारेट वा बिडी ओढणारा माणूस मरतो तो प्रामुख्याने धुराने. डांबर, कार्बन मोनॉक्साइड आणि ज्वलनातून निर्माण होणारी असंख्य द्रव्ये त्याला मारतात; निकोटिन त्याला त्या धुराशी बांधून ठेवते. धूर काढून टाकला तर हानीचा मोठा भाग जातो, हे मान्य केले पाहिजे. वैद्यकीय पुराव्यांचे काटेकोर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन ह्या संस्थेचा निष्कर्ष असा की, निकोटिनयुक्त व्हेप वापरणाऱ्यांत सिगारेट सोडणाऱ्यांचे प्रमाण निकोटिनची गोळी वा पट्टी वापरणाऱ्यांपेक्षा अधिक आढळते. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेप-संच देण्याची योजना जाहीर केली, ती ह्याच विचाराने. व्हेप सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी घातक आहे, असे तेथील सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये म्हटले होते. हा आकडा मात्र मोजमापातून आलेला नसून तज्ज्ञांच्या अंदाजातून आला होता आणि त्यावर तेव्हापासून वाद आहे. विक्रेते तो आकडा वेदवाक्यासारखा वापरतात. कार्यकर्त्यांनी तसे करू नये.

दोषही स्पष्ट आहेत. ह्या यंत्राचा आधुनिक अवतार चीनमधील होन लिक ह्या औषधशास्त्रज्ञाने २००३ मध्ये घडविला. म्हणजे तीस-चाळीस वर्षे वाफ ओढलेल्या माणसांची फुप्फुसे अजून कोणी तपासलेलीच नाहीत. वात कोरडी पडून वेटोळे फार तापले तर फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये तयार होतात. व्यसन कायमच राहते. दिवसा व्हेप आणि रात्री सिगारेट असे दोन्ही चालू ठेवणाऱ्याला फायदा फारसा होत नाही, आणि पुष्कळजण नेमके तसेच करतात. अकोल्यासाठी त्यात एका स्थानिक दोषाची भर घालतो. मे २०२४ मध्ये उष्म्यामुळे जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उन्हात उभ्या असलेल्या वाहनात वा शर्टाच्या खिशात लिथियमची बॅटरी ठेवणे शहाणपणाचे नव्हे; शिवाय उष्णतेने द्रव पातळ होऊन कुपीतून गळतो. युरोपच्या थंड हवेत लिहिलेल्या शिफारशींत ही गोष्ट ठळक नसते.

माझा निष्कर्ष असा. जो प्रौढ माणूस वर्षानुवर्षे सिगारेट ओढतो, ज्याने गोळी, पट्टी, समुपदेशन सर्व करून पाहिले आणि तरी जो सुटला नाही, त्याने सिगारेट पूर्णपणे टाकून व्हेपकडे जाणे ही सुधारणा आहे, बशर्ते द्रवात काय आहे हे त्याला ठाऊक असावे. जो ओढत नाही त्याच्या हाती हे यंत्र देणे हा गुन्हा आहे. अमेरिकेत ज्यूल कंपनीने फळांच्या आणि मिठाईच्या चवींवर शाळकरी पोरांची एक पिढी निकोटिनला लावली. डिसेंबर २०१८ मध्ये मार्लबोरो विकणाऱ्या अल्ट्रिया कंपनीने त्याच ज्यूलमध्ये ३५ टक्के भाग १२८० कोटी डॉलरना विकत घेतला आणि त्याच महिन्यात तेथील सर्जन जनरलने किशोरवयीनांतील व्हेपच्या प्रसाराला साथ म्हणून जाहीर केले. धुरापासून मुक्ती देण्याचा दावा करणाऱ्या यंत्रात धुराच्याच व्यापाऱ्याने पैसा घातला, ह्यावर अधिक भाष्य नको.

परंतु "द्रवात काय आहे हे ठाऊक असावे" ही अट आपल्या देशात पुरी होऊच शकत नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली आणि त्या वर्षअखेरीस संसदेने त्याचा कायदा केला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठवणूक आणि जाहिरात हे सर्व गुन्हे ठरले. साठवणूक सोडून इतर बाबतींत पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद वा एक लाख रुपयांपर्यंत दंड. पुन्हा केल्यास तीन वर्षे आणि पाच लाख. वापरणाऱ्याला शिक्षा सांगणारे कलम कायद्यात नाही. वटहुकूम निघाला त्या दिवशी मुंबईच्या शेअरबाजारात सिगारेट कंपन्यांचे समभाग वधारले. बाजाराला कायद्याचा अर्थ कळण्यास विलंब लागत नाही. देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीचे, म्हणजे आयटीसीचे, मोठे भागधारक कोण, हे पाहिले म्हणजे आणखी उलगडा होतो. एकीकडे ब्रिटिश अमेरिकन टोबॅको आणि दुसरीकडे भारतीय आयुर्विमा महामंडळ. आपल्या विम्याच्या हप्त्यांतला काही पैसा सिगारेटच्या नफ्यावर पोसला जातो आणि तेच शासन आपणांस वाफेपासून वाचविते.

बंदीने व्हेप नाहीसे झाले असते तर तक्रार करण्याचे कारण नव्हते. ते नाहीसे झालेले नाही. मुंबई-पुणे-नागपुरातील जप्तीच्या बातम्या आपण वाचतोच. ज्यावर उत्पादकाचे नाव खरे असेलच असे नाही, ज्यातील निकोटिनचे प्रमाण कोणी तपासलेले नाही, अशी फेकून देण्याची यंत्रे चोरवाटेने येतात. त्यांतील पुष्कळांवर पाच टक्के, म्हणजे युरोपीय मर्यादेच्या अडीचपट निकोटिन असल्याचे छापलेले असते. २०१९ च्या उत्तरार्धात अमेरिकेत फुप्फुसाच्या तीव्र विकाराने २८०० हून अधिक माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ दगावली. त्याचे मुख्य कारण ठरले ते गांजातील अर्काच्या द्रवात मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट. आणि तो द्रव बहुतांशी अनधिकृत मार्गाने आलेला होता. बंदीचे समर्थक ह्या मृत्यूंचा दाखला देतात. वस्तुतः हा दाखला चोरट्या बाजाराविरुद्धचा आहे, आणि बंदीने आपल्याकडे उरला आहे तो तोच बाजार.

येथवर जे लिहिले ते सिगारेट ओढणाऱ्याविषयी. आता वऱ्हाडात या. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी तंबाखू ओढणारे सुमारे ३.८ टक्के, आणि चघळणारे वा अन्य प्रकारे धुराविना तंबाखू घेणारे सुमारे २४.४ टक्के. एका ओढणाऱ्यामागे सहा खाणारे. आपल्या भागात कोणत्याही पानठेल्यावर घटकाभर उभे राहिले तरी हे प्रमाण डोळ्यांना दिसते. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून घोटलेला खर्रा, त्याची पुडी, आणि ती पुडी खिशात घेऊन कामावर निघालेला माणूस. बाजार समितीतील हमाल, रिक्षावाला, बांधकामावरचा मजूर, निंदणाला जाणारी बाई, शाळेच्या फाटकाबाहेरचा पोरगा. ह्यांतल्या कोणालाही व्हेपचा कवडीचा उपयोग नाही. ज्याच्या तोंडात धूरच नाही त्याला धुरापासून काय सोडविणार?

वऱ्हाडात खाण्याची सवय इतकी मुरली, ह्यामागे श्रमाचे स्वरूपही आहे असे मला वाटते. जिनिंग-प्रेसिंगमध्ये, रुईच्या ढिगाशेजारी, गठाणींच्या गोदामात आग काढणे म्हणजे अनर्थ. तेथे बिडीला मज्जाव असतो आणि असलाच पाहिजे. कापडगिरण्यांतही तोच नियम होता. अकोल्याच्या सावतराम मिलसारख्या गिरण्यांचा भोंगा बंद झाला, पण बारा-बारा तास उभ्याने करायचे, घशात तंतू नेणारे, जेवणाची वेळ टळविणारे काम काही गावातून गेले नाही. अशा कामात तंबाखूची चिमूट भूक मारते, झोप मारते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. मालकाला त्यात काही खर्च नाही. मजुराचा गाल आणि जबडा मात्र त्या हिशेबात खर्ची पडतो. सुपारी तंबाखूविनाही कर्करोगकारक आहे, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कधीच दिला आहे. तोंड उघडेनासे झालेली, दोन बोटेही आत जात नाहीत अशी विशी-पंचविशीतली मुले दंतवैद्यांच्या दारात बसलेली दिसतात. त्यांनी आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते.

खर्ऱ्यावर बंदी नाही काय? आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या कायद्याखाली गुटखा व पानमसाला ह्यांवर बंदी घातली, पुढे सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही तीत आली, आणि वर्षावर्षाने ती बंदी वाढविली जाते. वर्षावर्षाने गुटख्याचे ट्रकही पकडले जातात. शेजारच्या राज्यांतून माल येतो, गोदामे सापडतात, चालक आणि हमाल अटकेत जातात. माल ज्याचा होता त्याचे नाव बातमीत क्वचितच येते. विदर्भाला बंदीचा हा अनुभव नवा नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठविली गेली. गडचिरोलीत मात्र २०१६ पासून 'मुक्तिपथ' ह्या कार्यक्रमातून गावोगावच्या समित्या, व्यसनमुक्तीचे उपचार आणि अंमलबजावणी अशी तिहेरी बांधणी करण्याचा यत्न चालू आहे. बंदीच्या मागे गावाची संघटना आणि दवाखान्याचा हात नसला तर बंदी हे पोलीस ठाण्याचे उत्पन्नाचे साधन होते, एवढे तरी ह्या अनुभवातून घेण्यास हरकत नाही.

बिडीचे प्रकरण आणखी अवघड आहे, आणि आपल्या पक्षाने त्यात नेहमी संकोच बाळगला आहे. सरकारी हिशेबाने देशात सुमारे ५० लाख बिडी कामगार आहेत. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, घरी बसून हजारावर मजुरी घेणाऱ्या. मेळघाटातील कोरकू कुटुंबे उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या पानांवर ग्रामसभेचा अधिकार मानला. म्हणून बिडीविरुद्ध बोलावयाचे म्हणजे गरिबाच्या चुलीवर पाणी ओतावयाचे, असे आपण समजतो. बिडी कारखानदारांनीही हीच ढाल वर्षानुवर्षे वापरली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बिडीवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आणि तेंदूपानांवरील १८ वरून ५ वर आणण्याचे ठरविले, तेव्हा कामगारांचेच नाव पुढे होते. परंतु त्याच कामगारांच्या दवाखान्यांसाठी, घरांसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी १९७६ च्या कायद्याने जो उपकर बिडीवर बसविला होता, तो जुलै २०१७ मध्ये जीएसटी येताच रद्द झाला. त्यांच्या सेवाशर्तींचा १९६६ चा खास कायदा नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितेत विरघळला. बिडी स्वस्त राहिली. बिडी वळणारीची तरतूद तेवढी गेली. आणि बिडी ओढणारा कोण? तोही शेतमजूरच. एका गरिबाच्या हाताला काम देण्यासाठी दुसऱ्या गरिबाची छाती जाळण्याच्या व्यवस्थेला आपण रोजगार-संरक्षण म्हणत राहिलो तर तो समाजवाद नव्हे.

ह्या सगळ्या गोंधळात एक गोष्ट विलक्षण सुसंगत आहे, ती म्हणजे व्यापार. बहुतेक व्हेप-यंत्रे चीनमधील शेन्झेन शहरात तयार होतात. चीनने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात फळांच्या चवीची व्हेप विकण्यास बंदी केली. परदेशी पाठविण्यास केली नाही. आपणही त्यात मागे नाही. व्हेपवर बंदी असलेल्या ह्याच देशात तंबाखूपासून शुद्ध निकोटिन काढून ते परदेशी पाठविण्याचा उद्योग चालतो, आणि आयटीसीच्या एका उपकंपनीने म्हैसूरजवळ त्यासाठी कारखाना उभारला आहे. आपल्या नागरिकाला जे विष म्हणून नाकारायचे ते दुसऱ्याच्या नागरिकाला माल म्हणून विकायचे, ह्याला दोन्ही सरकारांची ना नाही.

काही साथी व्यक्तिस्वातंत्र्याचा मुद्दा मांडतात: प्रौढ माणसाने काय ओढावे हे सरकारने का सांगावे? हा मुद्दा हसण्यावारी नेऊ नये. प्रौढाला हानिकारक सिगारेट घेण्याचे स्वातंत्र्य आहे आणि तुलनेने कमी हानिकारक वाफ घेण्याचे नाही, ह्याचे तर्कशुद्ध समर्थन कोणालाही करता येणार नाही. परंतु ज्यूलचा अनुभव सांगतो की, खुल्या बाजाराला सोडलेले हे स्वातंत्र्य सर्वांत आधी चौदा वर्षांच्या पोराच्या खिशात जाते. ऑस्ट्रेलियाने मधला मार्ग धरला. १ जुलै २०२४ पासून तेथे व्हेप केवळ औषधाच्या दुकानात मिळते. त्यानेही तेथील चोरटा बाजार संपलेला नाही. सिगारेटवरचा जबर कर हे त्याचे एक कारण आहे. तरीही जाहिरातीवाचून, चवींवाचून, निकोटिनची मर्यादा घालून आणि सरकारी तपासणी करून, धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्या प्रौढाला वैद्यकीय सल्ल्याने हे यंत्र मिळावे, एवढी दुरुस्ती २०१९ च्या कायद्यात आपण मागावी, असे माझे मत आहे. नफ्याचा प्रश्न मिटविण्यासाठी पुरवठा सार्वजनिक रुग्णालयांमार्फत व्हावा.

पण ही मागणी आपल्या यादीत पहिली नसावी. व्हेपहून स्वस्त, निर्धोक आणि कायदेशीर साधन हाताशी असताना ते गरिबापर्यंत पोहोचलेले नाही, ही खरी लाजिरवाणी गोष्ट आहे. निकोटिनची च्युइंगम शहरातल्या औषध-दुकानांत मिळते. चघळण्याची सवय असलेल्या माणसाला ती वाफेपेक्षा जवळची आहे. निकोटिन-पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत आला. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम २००७-०८ पासून चालू आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यासाठी १८००-११-२३५६ हा विनामूल्य दूरध्वनी आहे. हे सारे कागदावर आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेल्या खर्रा खाणाऱ्या मजुराला तेथे काय मिळते, हे आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे. बहुधा भिंतीवरचे एक चित्र मिळते.

तेव्हा अकोला, अमरावती आणि बुलढाणा ह्या तिन्ही जिल्ह्यांच्या शाखांनी आरोग्य केंद्रावार पाहणी करावी, अशी माझी सूचना आहे. निकोटिनची च्युइंगम साठ्यात आहे काय, समुपदेशक नेमला आहे काय, तोंडाच्या तपासणीचा ठराविक वार आहे काय, संशय आल्यास रुग्णाला पुढे कोठे आणि कोणाच्या खर्चाने पाठवितात, एवढे चार प्रश्न पुरेत. बाजार समितीतील हमाल-मापाडी आणि जिनिंगमधील कामगार ह्यांच्या संघटनांनी मालकांकडून कामाच्या जागी वर्षातून एकदा मुखतपासणीची मागणी करारात घालावी. जेवणाच्या सुट्टीची मागणी तिच्याच शेजारी असावी, कारण दोहोंचा संबंध वर सांगितलाच आहे. ही पाहणी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे जाताना पानठेलेवाल्यांना वगळू नये. खर्रा बंद झाला तर ज्याची मिळकत पहिल्याच दिवशी थांबते तो तेच आहेत. त्यांच्या दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल कोठून यावे, हा प्रश्न त्याच निवेदनात, त्यांच्याच सह्यांनिशी असावा.